फूल निवडलं, तिथेच निम्मं काम झालं: न्यूयॉर्कच्या डॅफोडिल लागवडीचा प्रकरण अभ्यास

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्क शहरात २,७५३ माणसं मारली गेली. त्यानंतरच्या आठवड्यांत शहरापुढे एक वेगळीच अडचण उभी होती. मदतीला धावून आलेले हात अगणित होते आणि त्यांना देण्याजोगं काम फार थोडं होतं. रक्तदानासाठी लांबच लांब रांगा लागल्या, पण ढिगाऱ्यातून जिवंत निघालेली माणसंच इतकी कमी की जमलेल्या रक्तातलं बरंचसं जखमींना लागलंच नाही. ढिगारा उपसण्याचं काम अग्निशमन दल, पोलीस आणि बांधकामातले जाणकार करत होते. सर्वसामान्य माणसाला तिथे मज्जाव होता. ऑक्टोबर उजाडला तो अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची भुकटी भरलेली पाकिटं टपालातून येऊ लागल्याच्या बातम्या घेऊन. लोकांना घराबाहेर पडून हातांनी काहीतरी करावंसं वाटत होतं. काय करावं, ते मात्र कुणी सांगत नव्हतं.

या पार्श्वभूमीवर त्या शरद ऋतूत हजारो न्यूयॉर्ककर हातात खुरपं घेऊन बागांत, शाळांच्या आवारांत आणि रस्त्याकडेच्या झाडांच्या आळ्यांत बसले आणि त्यांनी डॅफोडिल या वसंतात फुलणाऱ्या पिवळ्या फुलाचे कंद मातीत पुरले. उपक्रमाचं नाव साधंच होतं, ‘द डॅफोडिल प्रोजेक्ट’. तो आजही दर शरदात चालतो आणि आतापर्यंत ९० लाखांहून अधिक कंद लावून झाले आहेत. शहराच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या स्वयंसेवी उपक्रमांत त्याची गणना होते.

स्वयंसेवकांनी शहर फुलवल्याच्या गोष्टी जगभर सापडतात. त्यांतली हीच निवडण्याचं कारण असं की हिच्यात भावना आणि व्यवहार यांची गाठ फार नेमकी बसली आहे. दुःखाच्या भरात सुरू झालेले उपक्रम बहुधा वर्ष-दोन वर्षांत विझतात. हा टिकला, आणि तो का टिकला ते शोधत गेलं की उत्तर दर वेळी जमिनीखालच्या त्या कंदापाशीच येऊन थांबतं.

भेट कुठून आली

लिंडन मिलर या न्यूयॉर्कच्या सार्वजनिक बागांमधलं मोठं नाव. मूळच्या चित्रकार. सेंट्रल पार्कच्या उत्तर टोकाला, फिफ्थ अॅव्हेन्यू आणि १०५ व्या रस्त्याच्या नाक्यावर ‘कॉन्झर्व्हेटरी गार्डन’ नावाची सहा एकरांची बाग आहे. सत्तरच्या दशकात शहराची तिजोरी रिकामी झाली तशी या बागेची रया गेली, आणि लोक तिथे पाऊल टाकायला घाबरू लागले. १९८२ पासून मिलरबाईंनी ही बाग पुन्हा उभी केली. पुढे १९९२ मध्ये नव्याने खुल्या झालेल्या ब्रायंट पार्कचे फुलांचे ताटवेही त्यांनीच रचले. सार्वजनिक जागेत चांगली फुलं लावली तर लोक ती ओरबाडत नाहीत, उलट त्या जागेशी जपून वागू लागतात, हे त्यांनी दोन बदनाम बागांमध्ये करून दाखवलं होतं.

कॉन्झर्व्हेटरी गार्डनच्या एका भागात दर वसंतात वीसेक हजार ट्यूलिप फुलतात. इतक्या कंदांची गरज असलेल्या माणसाची हॉलंडमधल्या पुरवठादारांशी ओळख असणारच. हॅन्स व्हान वार्डेनबर्ग हे त्यांच्यापैकी एक. हल्ल्यानंतर लवकरच त्यांनी मिलरबाईंशी संपर्क साधला आणि न्यूयॉर्कसाठी पाच लाख डॅफोडिल कंद देऊ केले. रॉटरडॅम शहराने आणखी पाच लाखांची भर घातली. एकूण दहा लाख कंद, फुकट.

रॉटरडॅमने हात पुढे करावा याला माझ्या लेखी वेगळं मोल आहे. १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांच्या बॉम्बफेकीत या शहराचा सगळा मध्यभाग जळून गेला होता. मोकळं पडलेलं, धुमसणारं शहर म्हणजे काय, हे तिथल्या लोकांना घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून ठाऊक होतं. शिवाय न्यूयॉर्क सतराव्या शतकात डचांची वसाहत होतं, तेव्हा त्याचं नावच न्यू अॅमस्टरडॅम होतं. म्हणजे नातं जुनंच होतं.

काळाचा योगही जुळून आला. हॉलंडमध्ये कंदांची काढणी उन्हाळ्यात होते आणि शरदाच्या तोंडावर ते जगभर रवाना होतात. सप्टेंबर म्हणजे व्यापाऱ्यांची गोदामं भरलेली असण्याचा काळ. न्यूयॉर्कमध्ये कंद लावण्याचा हंगामही ऑक्टोबरपासून जमीन गोठेपर्यंतचाच. हीच घटना मार्चमध्ये घडली असती तर द्यायला कंद नसते आणि लावायला हंगाम नसता, आणि सहा महिन्यांनी ती ऊर्मी कितपत उरली असती कोण जाणे.

दहा लाख कंद मिळणं ही आनंदाची गोष्ट खरी, पण ते लावणं हे संकटच. साधा हिशेब करा. एका माणसाने पन्नास कंद लावले तरी वीस हजार माणसं लागतात, आणि हे सगळं थंडीने जमीन आवळण्याआधी उरकायचं. कोणत्याही महापालिकेच्या उद्यान खात्याकडे इतके माळी नसतात. तेव्हा न्यूयॉर्कचं उद्यान खातं आणि ‘न्यूयॉर्कर्स फॉर पार्क्स’ ही नागरी संस्था यांनी लोकांना हाक दिली, आणि लोक तर वाटच पाहत होते.

डॅफोडिलच का

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

लोकांना भावला तो पिवळा रंग. दूर असलेल्या माणसाच्या आठवणीत झाडाला पिवळी फीत बांधायची रीत अमेरिकेत आहे, त्यामुळे त्या रंगाशी स्मरणाची भावना आधीच जोडलेली होती. पण नुसता रंगच हवा असता तर पिवळे ट्यूलिपही मिळाले असते. डॅफोडिलमध्ये आणखी चार गुण आहेत आणि चारही स्वयंसेवी कामाला विलक्षण सोयीचे आहेत.

पहिला गुण, पुढच्या वसंताचं फूल कंदाच्या पोटात आधीच तयार असतं. आदल्या उन्हाळ्यात, म्हणजे कंद शेतातून निघण्याच्या सुमारासच, आत कळीची घडण झालेली असते. कंद कापून पाहिला तर ती इवलीशी कळी दिसते. लावणाऱ्याने एवढंच करायचं, साधारण वीतभर खोल खड्डा काढायचा, कंदाचं टोकदार तोंड वर ठेवायचं आणि माती सारायची. कुणी उलटा लावला तरी कोंब वळण घेत बहुधा वर येतोच. नवशिक्याच्या हातून इतकं कमी बिघडू शकेल अशी लागवड दुसरी मला तरी माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मातीत हात घालणाऱ्या माणसालाही सहा महिन्यांत स्वतःच्या कामाचं फळ दिसतं, आणि अशा कामात पहिल्या वर्षीचं यश सगळ्यात मोलाचं असतं.

दुसरा गुण, त्याला कुणी खात नाही. डॅफोडिलच्या कंदात आणि पानांत लायकोरिन नावाचं विषारी अल्कलॉइड असतं, शिवाय कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. न्यूयॉर्कच्या बागांतल्या खारी ट्यूलिपचा कंद दुसऱ्या दिवशी उकरून फस्त करतात; डॅफोडिलला त्या तोंड लावत नाहीत. उंदीर नाही, हरीण नाही. म्हणजे कुंपण नको, जाळी नको, राखणदार नको.

तिसरा गुण, तो दरवर्षी परत येतो आणि वाढतो. ट्यूलिप पहिल्या वर्षी झगमगतो आणि नंतर बहुतेक ठिकाणी मलूल होत जातो, म्हणून मोठ्या बागा दर शरदात नवे कंद लावतात. डॅफोडिलच्या मूळ कंदाला बाजूने पिल्लं फुटतात, त्यांचे पुढे स्वतंत्र कंद होतात आणि काही वर्षांत एकाच्या जागी झुबका उभा राहतो.

चौथा गुण पाण्याचा. कंद हिवाळाभर जमिनीत असतो, तेव्हा बर्फ आणि पाऊस त्याला पुरतात. फुलायला त्याला तीन-चार महिन्यांची थंडी लागतेच, आणि ती न्यूयॉर्कमध्ये फुकट मिळते. वसंतात फूल, मग पानं, आणि ऐन उन्हाळा तापायच्या आत पानं सुकून कंद झोपी जातो. ज्या महिन्यांत पाणी घालायला माणूस मिळणं सर्वांत कठीण, त्या महिन्यांत त्याला पाणी नकोच असतं.

हे चार गुण एकत्र मांडले की चित्र स्पष्ट होतं. उपक्रमाने लोकांकडे एक दिवस मागितला, आणि झाडही असं निवडलं ज्याला माणसाचा एकच दिवस पुरतो. कामाची गरज आणि उत्साहाचं आयुष्य या दोन्हींची लांबी सारखी निघाली. लिंडन मिलर यांच्यासारखी जाणती बागकार आणि कंदांचा मुरलेला व्यापारी या दोघांच्या हातात सूत्रं असल्याने हे घडलं, असं मला वाटतं. फुलांची निवड समारंभाचं नियोजन करणाऱ्यांकडे असती तर फोटोत अधिक खुलणारं काहीतरी आणलं गेलं असतं आणि डिसेंबरपर्यंत त्याचा चिखल झाला असता.

वाटपाची रीत

सगळे कंद एका भव्य मैदानात लावून एकच डोळे दिपवणारं पिवळं शेत तयार करता आलं असतं. वरून हेलिकॉप्टरमधून काढलेला फोटो छान आला असता. तसं केलं नाही. कंद पाचही बरोंमध्ये, म्हणजे मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स आणि स्टॅटन आयलंडमध्ये वाटले गेले. पुढे जी पद्धत रुळली ती अशी: शरदाआधी नाव नोंदवायचं, ठरलेल्या ठिकाणी येऊन कंदांची पिशवी न्यायची आणि आपल्या वस्तीत लावायचे. अट एकच, जागा सार्वजनिक हवी. उद्यान, शाळेचं आवार, सामुदायिक बाग, फुटपाथवरच्या झाडाचं आळं, काहीही चालेल. घराचं खाजगी अंगण नाही.

‘फुटपाथवरच्या झाडाचं आळं’ ही जागा वाचायला क्षुल्लक वाटते. पण २०१५ च्या गणतीत न्यूयॉर्कच्या रस्त्यांकडेला ६,६६,१३४ झाडं मोजली गेली, तीसुद्धा मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकांकडून. त्यातल्या बऱ्याच आळ्यांत सिगारेटची थोटकं, कॉफीचे पेले आणि कुत्र्यांची घाण हेच असतं. त्या चार फुटांच्या चौकोनात दहा-पंधरा डॅफोडिल उभे राहिले की रोज त्याच वाटेने स्टेशनकडे जाणाऱ्या माणसाची नजर तिथे पडते. उद्यानातलं फूल बघायला उद्यानात जावं लागतं. आळ्यातलं फूल दारासमोरच असतं, आणि ज्यांना उद्यानात जायला सवड नाही, दोन पाळ्यांत राबतात, त्यांनाही ते दिसतं.

या वाटपातलं दुसरं शहाणपण मालकीच्या भावनेचं आहे. संस्थेने कंद दिले, जागा लोकांनी शोधली. कोणत्या आळ्यात ऊन येतं, कुठे दुकानदार सायकली टेकवतो, कोणत्या कोपऱ्यावर बर्फ काढणारे मीठ टाकतात, हे त्या गल्लीत राहणाऱ्यालाच ठाऊक असतं. मध्यवर्ती कार्यालयात बसून नकाशावर टिंबं काढणाऱ्याला ते कळणं शक्य नाही. आणि स्वतः निवडलेल्या जागी स्वतः लावलेल्या कंदाकडे माणूस मार्चमध्ये वाकून बघतो. त्याला कुणी आठवण करून द्यावी लागत नाही.

देणगीची अटही विचारात घेण्यासारखी आहे. व्हान वार्डेनबर्ग यांची देणगी एका वर्षापुरती थांबली नाही. लावायला स्वयंसेवक मिळतील तोवर दरवर्षी कंद देत राहण्याची तयारी त्यांनी दाखवली. देणगीची दोरी अशी लोकांच्या हातात आली. लोक आले तर कंद येणार. ‘निधी आला म्हणून कार्यक्रम’ या नेहमीच्या रीतीच्या हे बरोबर उलट आहे.

पहिला बहर

२००२ च्या मार्च-एप्रिलमध्ये ते कंद फुलले, तेव्हा जागतिक व्यापार केंद्राच्या जागेवर ढिगारा उपसण्याचं काम अजून चालू होतं. ते ३० मे २००२ रोजी औपचारिकरीत्या संपलं. त्या जागेवरचं अधिकृत स्मारक खुलं व्हायला ११ सप्टेंबर २०११ उजाडलं. आराखडे, वाद, खटले, खर्च यांत दहा वर्षं गेली. तेवढ्या काळात डॅफोडिल दहा वेळा फुलून गेले होते.

अधिकृत स्मारकाला कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. कोरलेल्या नावांची, पाण्याच्या त्या दोन खोल कुंडांची जागा फुलं घेऊ शकत नाहीत. पण दगडी स्मारक होईपर्यंतच्या दहा वर्षांत शहरातल्या माणसांनी शोक कुठे ठेवायचा, या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं. डॅफोडिलने ते दिलं. भाषण नाही, फलक नाही, फित कापणं नाही. ज्यांनी माणूस गमावला होता त्यांनी कंद लावताना मनात काय धरलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. शेजारी बसून लावणाऱ्याने विचारायची गरज नव्हती.

२००७ मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी डॅफोडिलला न्यूयॉर्क शहराचं अधिकृत फूल घोषित केलं. तोवर लोकांनी ते आपलं म्हणून स्वीकारलेलंच होतं.

जिथे कस लागतो

आता दुसरी बाजू. उपक्रम उत्तम असला तरी त्याच्या काही मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्याशिवाय अभ्यास पुरा होत नाही.

फूल गळल्यानंतर डॅफोडिलची पानं साधारण सहा आठवडे तशीच ठेवावी लागतात. त्या काळात पानं ऊन खाऊन पुढच्या वर्षीची शिदोरी कंदात साठवतात. पण ही पानं दिसायला वाईट असतात. पिवळी पडतात, लोळतात, आणि स्वच्छतेची आवड असलेल्या माणसाला ती कापून टाकावीशी वाटतात. हिरवळ कापणारं यंत्र एप्रिलच्या शेवटी फिरलं की पुढच्या वर्षी त्या जागी पानं येतात, फूल येत नाही. म्हणजे एका दिवसाचं काम हे पूर्ण खरं नाही. आणखी सहा आठवडे काही न करण्याचा संयमही लागतो. लागवडीच्या दिवशी शेकडो लोक येतात, पण मे महिन्यात ‘कापू नका’ हे सांगायला कुणीतरी जागेवर असावं लागतं. माझ्या मते या उपक्रमातला सर्वांत नाजूक दुवा हाच आहे, कारण हिरवळ कापणारा आणि कंद लावणारा यांची सहसा भेटच होत नाही.

आकड्यांबद्दलही सावध असायला हवं. ९० लाख हा लावलेल्या कंदांचा आकडा आहे, फुलणाऱ्यांचा नाही. आळी खोदली जातात, पाइपलाइनसाठी फुटपाथ उखडले जातात, झाड पडलं की आळंच बुजवलं जातं. तिकडचे कंद गेले. दुसरीकडे चांगल्या मातीत एकाचे पाच झाले. लावलेल्या आकड्यावर प्रकल्पाचं यश मोजणं हा मोह सगळ्यांनाच होतो आणि तो टाळायला हवा.

पर्यावरणाच्या अंगाने पाहणारे आणखी एक आक्षेप घेतात, आणि तो योग्य आहे. डॅफोडिल मूळचा पश्चिम भूमध्य प्रदेशातला, स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचा. अमेरिकेतल्या मधमाश्यांना आणि कीटकांना संकरित डॅफोडिलपासून फारसं काही मिळत नाही. ज्याला खार खात नाही त्याचा खारीला उपयोगही नाही, हे ओघानेच आलं. शहराची जैवविविधता वाढवणं हा हेतू असेल तर निवड वेगळी करावी लागेल. स्थानिक रानफुलं, त्यांची निगा, त्यांचे प्रशिक्षित राखणदार, असा दुसराच खेळ मांडावा लागेल. या उपक्रमाचा हेतू तो नव्हता. लोकांना एकत्र आणणं आणि शहराला वसंतात उजळ करणं, एवढं त्याने ठरवलं आणि तेवढं केलं. तरीही एकाच फुलाचे लाखो कंद लावत राहण्यापेक्षा त्यांच्या जोडीला काही देशी झाडं आणावीत, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे हे कसं दिसेल

महाराष्ट्रात सार्वजनिक लागवडीचा उत्साह कमी नाही. राज्य सरकारच्या वृक्षलागवड मोहिमेत २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. शाळा, सोसायट्या, गणेश मंडळं, रोटरी, सगळे पावसाळ्यात खड्डे खणतात. आणि सगळ्यांना हेही माहीत असतं की पुढच्या एप्रिलमध्ये त्या खड्ड्यांत काय उरतं.

हे लोकांच्या आळसामुळे होतं असं म्हणणं अन्यायाचं आहे. वडाच्या किंवा कडुलिंबाच्या रोपाला निदान पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी आणि शेळीपासून संरक्षण लागतं. म्हणजे जुलैतल्या एका सकाळसाठी आलेल्या माणसाकडून आपण नकळत तीन वर्षं मागतो आणि ती मिळाली नाहीत की त्याला बोल लावतो. झाडं लावावीत, जरूर लावावीत, पण ती त्यांनी, जे तीन वर्षं देऊ शकतात. बाकीच्यांसाठी, एका दिवसाच्या उत्साहासाठी, वेगळी झाडं हवीत.

डॅफोडिल इकडे चालणार नाही. देशावरच्या आणि कोकणातल्या हिवाळ्यात त्याला हवी तेवढी थंडी नाही. कंद कुजून जाईल. पण त्याचे गुण असलेली फुलं आपल्या परसात आहेत. महामार्गांच्या दुभाजकांवर कण्हेर उगीच लावलेली नाही. ती गुरं-शेळ्या खात नाहीत, धुराला आणि उन्हाला दाद देत नाही, आणि फांदी खोचली तर मूळ धरते. मात्र तिचा चीक आणि प्रत्येक भाग विषारी, म्हणून अंगणवाडी किंवा शाळेच्या आवारात ती नको. सदाफुली भिंतीच्या फटीतसुद्धा उगवते, जनावरं तिलाही टाळतात आणि एकदा बी पडलं की ती स्वतःच पसरते. गुलबक्षीचं मिऱ्यासारखं काळं बी मुलांनी खिशातून नेऊन कुठेही टाकावं. उन्हाळ्यात वरचं झाड वाळलं तरी खालचं गाठाळ मूळ राहतं आणि पावसात पुन्हा फुटतं. सांडपाण्याच्या ओलीला कर्दळ आहेच.

कंदवर्गीयांतली दोन मला न्यूयॉर्कच्या डॅफोडिलच्या सगळ्यात जवळची वाटतात. एक रेन लिली. मेच्या शेवटी तिचे कंद लावले की पहिल्या-दुसऱ्या चांगल्या पावसानंतर एका रात्रीत गुलाबी किंवा पांढरी फुलं वर येतात, आणि लहान मुलांना याहून जादूचं काही दाखवता येत नाही. दुसरं मे फ्लॉवर, ज्याला काही जण फुटबॉल लिली म्हणतात. पुण्या-मुंबईच्या कित्येक गॅलऱ्यांत त्याची एखादी जुनी कुंडी असते. हिवाळाभर ती कोरडी, मेल्यासारखी पडून असते, आणि मे महिन्यात अचानक तांबडा गोल फुलतो. पाणी घालायला माणूस नाही असे जे महिने, ते या कंदाच्या झोपेचे महिने आहेत. हाच तर डॅफोडिलचा गुण.

एक फरक मोठा आहे. न्यूयॉर्कला पाच-पाच लाख कंद पाठवणारा डच व्यापारी होता. आपल्या गावाला तो मिळणार नाही. पण रेन लिलीचा झुबका तीन-चार वर्षांत इतका दाटतो की तो काढून विरळ करावाच लागतो, नाहीतर फुलं कमी होतात. मे फ्लॉवरच्या कुंडीतही पिल्लं दाटतात आणि कुंडी फुटायला येते. म्हणजे कंद घरोघरी पडून आहेत, फक्त ते जमा करणारं कुणी नाही. एखाद्या गल्लीने, महिला मंडळाने किंवा शाळेने पहिल्या वर्षी जुन्या कुंड्यांतून हे जादा कंद मागून घ्यावेत. मे फ्लॉवर झोपेत असताना, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची कुंडी मोकळी करावी, रेन लिलीचे झुबके मेमध्ये सोडवावेत आणि पावसाळ्याच्या पहिल्या सरीच्या आत सार्वजनिक जागेत लावून टाकावेत. कुठे काय लावलं त्याची वहीत नोंद ठेवावी. नगरपालिकेच्या झाडलोट करणाऱ्या ताईंना आणि गवत कापणाऱ्या माणसाला लागवडीच्या दिवशी आवर्जून बोलवावं, कंद कुठे आहेत ते दाखवावं, आणि पानं वाळेपर्यंत तिथे विळा फिरवू नये असं त्यांच्याशी बोलून ठरवावं. चौथ्या वर्षी त्याच जागांवरचे झुबके विरळ करून शेजारच्या गल्लीला द्यावेत, अट तीच ठेवून: जागा सार्वजनिक हवी.